आखूड दोर

इंटरच्या परीक्षेत मी इंग्रजीत नापास झालो आणि त्या वर्षी हैदराबादहून गावी परत आलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे नापास होणं म्हणजे काय, हेही घरात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मायला सांगितलं तेव्हा ती जोंधळे निवडत होती. "या साली न्हाई आलं तर पुढल्या साली येईल की," ती म्हणाली. पिकाच्या बाबतीत धरतात तसाच धीर तिने धरला होता. मला तो पुरला नाही.

आमचं गाव मांजरा नदीच्या काठावर, रेणापूरहून अर्ध्या दिवसाच्या चालीवर. गावात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. बोलायचे, पण जपून. मी पारावर गेलो की चाललेलं बोलणं थांबायचं, कुणीतरी सरकून म्हणायचं, "या सायेब, बसा." त्यात थोडी थट्टा होती, थोडा संकोच. हैदराबादेत मात्र माझ्या तोंडून 'हो'ऐवजी 'हाव' निघालं की वर्गातली मुलं हसायची. मी दोन्हीकडे पाहुण्यासारखा वागायला शिकलो होतो. दिवसचे दिवस नदीकाठी हिंडायचो आणि संध्याकाळी काही न बोलता जेवायचो.

दसऱ्यानंतर कळलं, की आबपाशीचे, म्हणजे सरकारच्या पाटपाण्याच्या खात्याचे एक अधिकारी लातूरला तंबू ठोकून राहिले आहेत आणि त्यांना उर्दू लिहिता येणारा, पण खेड्यातलं बोलणं समजणारा मुन्शी हवा आहे. मी चालत गेलो. अधिकारी वयस्क होते, बारीक अंगाचे. त्यांनी माझी शाळा-कॉलेज काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, की तुमच्या गावात उन्हाळ्यात पाणी कुठून आणतात? मी म्हणालो, नदीच्या वाळूत झिरा खणून, वाटीवाटीनं. ते कारकुनाला म्हणाले, याचं नाव लिहून घे.

काम त्यांनीच समजावून सांगितलं. मांजराकाठच्या सगळ्या गावांना पुढची तीस वर्षं पाणी कसं पुरेल, याची आखणी करायची होती. "आज का सोचना पटेल का काम है," ते म्हणाले, "अपना काम तीस साल बाद का." दर गावाचा एक कागद भरायचा: माणसं किती, जनावरं किती, विहिरी किती, खोल किती, आणि पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं. कागद चावडीवर वाचून दाखवायचा, गावच्या पाच जणांचे अंगठे घ्यायचे, खाली मुन्शीची सही. त्यावरून दोन याद्या होणार होत्या. उन्हाळ्यात ज्यांचं पाणी आटतं ती गावं पहिल्या यादीत. तिथे नदीवर बंधारा आणि गावात दगडाने बांधलेली खोल विहीर. ज्यांचं पाणी बारमाही, ती दुसऱ्या यादीत. दुसऱ्या यादीचं कधी व्हायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते तुमच्या मुलांनी विचारावं.

काम नीट केलं तर हैदराबादेत ओव्हरसियरच्या वर्गासाठी ते माझं नाव सुचवणार होते. त्या वर्गाला इंटर पास असण्याची अट नव्हती. परतताना मी वाटभर तेवढाच विचार करत होतो, हे कबूल करायला हवं.

मग मी एकटा गावोगाव हिंडू लागलो. पाठीला कागदांची पिशवी, खांद्यावर हातहातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी, तिच्या टोकाला दगड. चावडीवर मला बसायला घोंगडी मिळायची, भाकरी मिळायची, पण जेवायला सोबत कुणी बसायचं नाही. सरकारचा माणूस जेवतो तेव्हा बाकीचे बघत बसतात.

आणि प्रत्येक चावडीवर उत्तर एकच. "पाणी? बारमाही!"

धारा, म्हणजे शेतसारा, वाढेल म्हणून बागायत लपवणारी हीच माणसं पाणी मात्र वाढवून सांगायची. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटलं असतं. मला वाटलं नाही, कारण मी त्यांच्यातलाच होतो. आमच्याकडे मुलीचा बाप सोयरिकीला आला की आधी घर बघत नाही, विहीर बघतो. आणि विहिरीतही पाणी बघत नाही, दोर बघतो. दोर लांब असला तर पाणी खोल जातं, म्हणजे आपली मुलगी उन्हाळाभर दोर ओढून मरणार. म्हणून सोयरिकी दिवाळीनंतर बोलायच्या, विहिरी भरलेल्या असताना. आणि पाहुणे येणार म्हटलं की गावभर निरोप जायचा आणि प्रत्येक घर आपला लांब दोर माळवदावर नाहीतर कडब्यात दडवायचं. त्या दिवशी सगळं गाव आखूड दोरानं पाणी शेंदायचं. ज्याच्या घरी सोयरीक नाही, ज्याचं त्या घराशी भांडण आहे, तोसुद्धा. यात कधी कुणी कुणाला दगा दिल्याचं मी ऐकलं नाही.

तेव्हा चावडीवरच्या पुरुषांचं मी ऐकून घ्यायचो आणि उठून विहिरीवर जायचो. बायकांना विचारायचो. त्या पुरुषांसारख्या कागदाला भीत नसत. एका गावात एक म्हातारी म्हणाली, "बारमाही म्हन्ले का? त्यांनी कवा घागर उचलली का जल्मात? चैत सरला की हिच्या तळाची बेडकं सुदिक गाव सोडून जात्यात, बाबा." मी तेच लिहिलं. बेडकं सोडून. वाचून दाखवताना चावडीवर सगळे माझ्याकडे रागाने बघायचे, पण सरकारी कागद म्हटल्यावर अंगठे द्यायचे. फक्त एका पाटलाने अंगठा पुसता पुसता म्हटलं, "मुन्शीजी, सोताच्या गावाचा कागद भरला का? भरा, भरा. बघू तिथं काय लिवता ते."

माझ्या गावाचा कागद मी सगळ्यात शेवटी ठेवला होता.

त्याच दिवसांत अण्णाची, माझ्या थोरल्या भावाची, सोयरीक जळकोटाकडच्या एका घराशी बोलण्यात आली. अण्णाचं वय होऊन चाललं होतं. आधीच्या दोन सोयरिकी पाण्यावरून मोडल्या होत्या, कुणीतरी बाहेरून सांगितलं होतं म्हणून. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, मला गोठ्याशी बोलावलं.

"पाव्हणे सोमवारी येनार. तू तुजा कागद सोमवारीच वाच चावडीवर," ते म्हणाले. "त्यांच्या कानावरून जाऊ दे."

"आप्पा, मला खरं लिहावं लागेल."

"मग लिही की! पानी हाय का न्हाई आत्ता विहिरीत? हाय. लिही, हाय."

"कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, ते लिहायचं असतं."

आप्पा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला शिकायला धाडलं तवा अण्णा सोळा वर्साचा हुता. त्यानं नांगर धरला म्हून तू पाटी धरलीस. जास्त काय बोलून राहिलो न्हाई मी."

अण्णा पलीकडेच वैरण टाकत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो वैरण टाकत राहिला.

सोमवारी पाहुणे देवणी बैलांच्या गाडीतून आले. मुलीचे वडील उंच, मोकळे गृहस्थ होते. उतरल्या उतरल्या त्यांनी पाय धुवायचं निमित्त केलं आणि थेट विहिरीवर गेले. रहाटावर आखूड दोर होता. त्यांनी तो हाताने चाचपला, आत डोकावले, मान हलवली. मग सगळे चावडीवर आले.

मी कागद वाचला. माणसं, जनावरं, विहिरी तीन, त्यातली गावविहीर सात परस, म्हणजे सात माणसांच्या उंचीइतकी खोल. पाण्याच्या रकान्यात मी आधी पेन्सिलीने 'खुरदादअखेर आटते' असं लिहिलं होतं. खुरदाद म्हणजे सरकारी हिशेबाने चैत्राच्या सुमाराचा महिना. मी तिथे आलो आणि थांबलो. पाटलांनी खाकरून घेतलं. मग मी वाचलं, "पाणी बारमाही."

मुलीचे वडील खूश होऊन म्हणाले, "झालं तर मग. मान्सं बोलतील खोटं, सरकारी कागद कशाला बोलंल!"

सगळे हसले. आप्पा, पाटील, सुतारकाका आणि आणखी दोघांनी अंगठे दिले. मी पेन्सिल खोडून शाईने 'बारमाही' लिहिलं आणि खाली सही केली. इतक्या गावांच्या कागदांत तो एकच खोटा होता.

लग्न माघात झालं. अधिकाऱ्यांनी मला पलीकडच्या काठाचीही गावं दिली, म्हणून मी परीक्षा आणखी एक साल पुढे ढकलली. घरी असलो की वैनी मला आदराने वागवायची. मी जेवायला बसलो की ती बाजूला उभी राहून वाढायची आणि मी वाचत असलो तर भांड्यांचा आवाज होऊ द्यायची नाही. एवढ्या मोठ्या गावात माझ्या वाचण्याची कदर करणारं ते एकच माणूस होतं. त्यामुळे तिच्यासमोर बसणं मला जास्तच जड जायचं.

फाल्गुनात लांब दोर माळवदावरून खाली आले. वैनीने ते बघितलं. चैत्रात पोहऱ्यात गाळ येऊ लागला. वैशाखात बायका नदीच्या वाळूत उतरल्या.

एका सकाळी मी पलीकडच्या काठावरून परत येत होतो. वाळूत कमरेएवढ्या खड्ड्यात वैनी बसली होती. तळाशी बोटभर पाणी, तेही गढूळ. ती वाटीने घागर भरत होती, एक वाटी काढली की पाणी साचेपर्यंत थांबत होती. वर चार-पाच जणी पाळीची वाट बघत बसल्या होत्या. मला बघून एक म्हणाली, "उठ गं, तुजा कालेजवाला दीर आला. त्याला विचार, ही वाटी किती परस खोल हाय!"

सगळ्या हसल्या. वैनीही हसली. मग पदर सावरून म्हणाली, "भावजी, एक विचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचार की, वैनी."

"आमच्याकडं नुसता खडक हाय, नदी न्हाई. तरी चैत-वैशाखात घागर भरती विहिरीवर. बाबा म्हन्ले हुते, तिकडं नदी हाय, कागदावर पानी हाय, पोरगी सुकात ऱ्हाईल." वाटी तिने पुन्हा बुडवली. "तो कागद कुटं ऱ्हातो? तितनं पानी आनता येतंय का बघा की."

तिने थट्टेच्या सुरात म्हटलं होतं, पण माझ्याकडे वर बघितलं नव्हतं. मी तिथे उभा राहू शकलो नाही. घरी पिशवी टाकली, भाकरी बांधून घेतली आणि लातूरची वाट धरली.

अधिकारी याद्याच तयार करत होते. आमचं गाव दुसऱ्या यादीत होतं. मी खरं सांगितलं. आधी सगळं एका दमात सांगितलं आणि मग त्यांना कळलं नसेल असं वाटून पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. याद्या अजून हैदराबादला गेलेल्या नव्हत्या. पण पाच अंगठ्यांचा कागद माझ्या एकट्याच्या बोलण्याने बदलता येणार नव्हता. गावच्या पाच जणांनी नव्या कागदावर अंगठे द्यायला हवे होते. मुदत आठ दिवसांची.

मी परत आलो आणि चावडीवर कागद घेऊन बसलो. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटील आले, उभ्या उभ्याच म्हणाले, "गावात चौदा पोरं बिनलग्नाची हायत. त्यात माजी तीन. सरकारी कागदावर गाव कोरडं म्हून लागलं तर त्यांना काय वाळूच्या बायका करून द्यायच्या का?"

"काका, विहीर झाली तर पोरी आपसूक येतील."

"तुजी तीस वर्सांची विहीर. माज्या पोराची मिशी आत्ता पिकून राहिली."

आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. अण्णा बोलत नव्हताच. मी सकाळी चावडीवर जायचो, दुपारी उन्हातून घरी यायचो, भाकरी खायचो, पुन्हा जायचो. समोरून लोक जायचे ते मान दुसरीकडे करून. हैदराबादेत पहिल्या वर्षी मला घराची फार आठवण यायची. आता घरापासून शंभर पावलांवर बसून ती येत होती.

चौथ्या दिवशी सुतारकाका आले. "आन रं तो कागद. मला चारी पोरीच हायत. मला कुनाचं भ्या?" त्यांनी अंगठा दिला आणि वर म्हणाले, "पन माज्या पोरी ह्या गावात न्हाई हां देनार." त्यांच्यामागून एक म्हातारे आले, ज्यांची सगळी मुलं लग्नाची झाली होती. मग एक जण आले ज्यांचा एकुलता मुलगा निलंग्याकडे घरजावई होऊन गेला होता. ते अंगठा उठवून निघून गेले.

सहाव्या दिवशी वैनीचे वडील तिला माहेरी न्यायला आले. वैनी घरात नव्हती. कुणीतरी त्यांना नदीवर धाडलं. ते परत आले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत वाळूने भरलं होतं. आप्पा ओसरीवर बसले होते. आता काय होणार म्हणून मी चावडीवरून उठून दाराशी येऊन उभा राहिलो.

ते आप्पांच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "व्याही, मी बी लेकाच्या टायमाला दोर दडवला हुता. तवा तुमाला काय बोलू? पन आता पोरगी तुमच्या गावची झाली. आता कुनापासून लपवून राहिलात?"

आप्पा उठले. माझ्या बाजूने गेले, माझ्याकडे न बघता, आणि चावडीवर जाऊन चौथा अंगठा दिला.

पाचवा मिळाला नाही. आठव्या दिवशी मी चार अंगठ्यांचा कागद घेऊन लातूरला गेलो आणि अधिकाऱ्यांना म्हणालो, पाचवा मी. मीही त्याच गावचा, वयात आलेला, बिनलग्नाचा. ते म्हणाले, "मुन्शी और गवाह एक आदमी नहीं हो सकता. एक चुनो." मी पाचव्या जागेवर सही केली. मुन्शी म्हणून दुसऱ्या कारकुनाने केली. ओव्हरसियरच्या वर्गाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही. आमचं गाव पहिल्या यादीत, सगळ्यात खाली, माझ्यासमोर लिहिलं गेलं.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी माझ्या बाकीच्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. हे सगळे खरे आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, खरे आहेत. ते शांतपणे म्हणाले, की तो एक कागदही तू खराच म्हणून दिला होतास. आता सगळ्या गावांना दुसरा मुन्शी जाऊन पुन्हा विचारेल.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नवा मुन्शी चावडीवर बसेल, चहूकडून 'बारमाही' ऐकेल आणि तसंच लिहील. माझ्या एका खोट्याने ती सगळी गावं दुसऱ्या यादीत जातील. मी हात जोडून म्हणालो, चावडीवर विचारू नका, पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. त्यांनी कागदाच्या कडेला काहीतरी टिपून घेतलं. काय, ते मला वाचता आलं नाही.

मी घरी गेलो नाही. तिथूनच पहिल्या गावाला गेलो, मग दुसऱ्या. या वेळी जवळ कागद नव्हता, म्हणून चावडीवर जायचं कारण नव्हतं. सरळ नदीत उतरायचो आणि बायकांना सांगायचो, की एक मुन्शी येईल, त्याला चावडीवरून उठवा, हाताला धरून इथे आणा, झिरा दाखवा. कुणी ऐकून घ्यायच्या, कुणी हसायच्या, कुणी उन्हाने पोराचं डोकं फिरलं म्हणायच्या. एका ठिकाणी माझ्याच वयाची एक बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मागं तूच आला हुतास न्हवं कागद घेऊन?"

"हाव."

"मग आता कोन म्हून येऊन राहिलास?"

मी म्हणालो, "कुणी म्हणून नाही."

"मग बरंय," ती म्हणाली. "ही घागर उचलू लाग."

मी घागर तिच्या डोक्यावर दिली. ती वाळूतून चढाला लागली आणि वरच्या बायकांना ओरडून माझा निरोप सांगू लागली, तिच्या पद्धतीने, निम्मा चुकीचा. मी खालून दुरुस्त करत राहिलो. अजून अकरा गावं उरली होती, आणि नवा मुन्शी कुठल्या काठाने सुरुवात करणार, हे मला माहीत नव्हतं.